रौप्याची मात्रा : म्हैसूरच्या शाईपासून पुण्याच्या प्रयोगशाळांपर्यंत

बेळगोळ हे नाव उच्चारले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर श्रवणबेळगोळ उभे राहते. तेथील गोमटेश्वराच्या विशाल मूर्तीच्या चरणांपाशी कोरलेल्या मराठी ओळींची गणना आपल्या भाषेच्या आद्य शिलालेखांमध्ये होते. त्यामुळे कन्नड भूमीतील हे तीर्थक्षेत्र मराठी माणसालाही आपलेसे वाटते. या नावाचा अर्थ 'पांढरे तळे' असा लावला जातो. कन्नडमध्ये 'बेळ्' म्हणजे शुभ्र, उजळ आणि 'कोळ' म्हणजे तळे. याच शुभ्रतावाचक धातूपासून चांदीला कन्नडमध्ये 'बेळ्ळी' हा शब्द आला. संस्कृतमधील 'रजत' आणि लॅटिनमधील 'अर्जेंटम' या शब्दांच्या मुळाशीही हीच शुभ्र चकाकीची कल्पना आहे. निरनिराळ्या भाषांच्या पूर्वजांनी या धातूला नाव देताना त्याचा रंगच आधी पाहिला, हे लक्षणीय आहे.

बेळगोळ नावाचे आणखी एक गाव म्हैसूर शहराच्या उशाशी, श्रीरंगपट्टण तालुक्यात, कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. तीर्थक्षेत्र म्हणून त्याची ख्याती नाही. परंतु भारताच्या औद्योगिक इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. १९४० च्या दशकाच्या आरंभी येथे म्हैसूर केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कारखान्यात कृत्रिम रीतीने अमोनिया तयार होऊ लागला. देशातील अशा प्रकारचे ते पहिले उत्पादन मानले जाते. कावेरीचे पाणी, जवळच निर्माण होणारी वीज आणि उद्योगांना आश्रय देणारे संस्थान या तिहेरी योगामुळे हा परिसर रसायनविद्येला अनुकूल ठरला. या अनुकूलतेचा पाया घालणाऱ्यांमध्ये सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले, मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांनी दीर्घकाळ सेवा केली आणि खडकवासला धरणावर त्यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे प्रसिद्धीस आले. पुण्यात घडलेला हा अभियंता पुढे १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचा दिवाण झाला. श्रीरंगपट्टणच्या वाटेवर १७९१-९२ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा चालून गेल्या होत्या. त्यानंतर सव्वाशे वर्षांच्या आत पुणे आणि म्हैसूर यांच्यामधील देवघेव तलवारीची न राहता विद्येची झाली, ही इतिहासाची सुखद कलाटणी होय.

याच संस्थानी उद्योगपर्वात रुजलेल्या एका कारखान्याचा संबंध प्रत्येक प्रौढ भारतीयाच्या डाव्या हाताच्या तर्जनीशी येतो. मतदानानंतर बोटावर उमटणारी जांभळट काळी खूण म्हैसूरमध्ये तयार होते, आणि तिचा प्राण आहे चांदीचे एक संयुग. हे संयुग कातडीला का धरून बसते, त्याच जातीची संयुगे जीवाणूंना का मारतात आणि मानवी पेशींना त्यांच्यापासून कितपत धोका आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मुळात एकच आहेत. त्या उत्तराचा शोध शेकडो वर्षे चालला, आणि त्याच्या अलीकडच्या टप्प्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

लाखेच्या कारखान्यातील शाई

नालवडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत १९३७ साली म्हैसूर लॅक अँड पेंट वर्क्सची स्थापना झाली. संस्थानातील जंगलांत विपुल मिळणाऱ्या लाखेपासून रंग, रोगण आणि मोहोर करण्याची लाख बनवावी, हा तिचा मूळ हेतू होता. स्वातंत्र्यानंतर ती सरकारी मालकीची झाली आणि १९८९ मध्ये तिला म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश हे नाव मिळाले.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. मतदारांपैकी बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. छायाचित्र असलेली ओळखपत्रे त्या काळी नव्हती. ती देण्यास १९९३ पासून आरंभ झाला. एकाच व्यक्तीने दोनदा, कधी दुसऱ्याच्या नावावर मत देऊ नये यासाठी स्वाक्षरी किंवा कागद यांवर विसंबणे शक्य नव्हते. जी खूण मतदाराच्या शरीरावरच राहील, पुसता येणार नाही आणि काही काळाने आपोआप नाहीशी होईल, तीच उपयोगाची होती. पहिल्या निवडणुकीत अशा शाईच्या ३,८९,८१६ कुप्या लागल्याची नोंद आहे. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सिद्ध केलेल्या सूत्रानुसार ही शाई बनविण्याचे काम राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळामार्फत म्हैसूरच्या कारखान्याकडे आले. १९६२ च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून हा पुरवठा अखंड चालू आहे.

शाईचे नेमके सूत्र गुप्त राखलेले आहे. तिचा मुख्य घटक मात्र सर्वज्ञात आहे. तो म्हणजे सिल्व्हर नायट्रेट. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवली की हा पांढरा, पाण्यात सहज विरघळणारा क्षार मिळतो. बोटावर लावताच तो त्वचेवरील घामातील मिठाशी संयोग पावतो आणि त्याचे सिल्व्हर क्लोराइड होते. हे पाण्यात विरघळत नाही. प्रकाश पडला की त्यातून धातुरूप चांदीचे अतिसूक्ष्म कण सुटे होतात आणि खूण काळी पडते. जुन्या काळच्या छायाचित्रांच्या काचा आणि चित्रपटांच्या फिती याच गुणधर्मावर चालत. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये पडद्यावर आणलेला राजा हरिश्चंद्र प्रकाशाने काळवंडणाऱ्या रौप्यक्षारांवरच अंकित झाला होता. मतदाराच्या बोटावर घडते ते याच रसायनक्रियेचे एक लहानसे चित्र होय.

केवळ रंगाचा थर असता तर साबणाने तो निघाला असता. परंतु चांदीचे आयन कातडीच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनाशी जखडले जातात. साबण, तेल किंवा स्पिरिट यांना ते दाद देत नाहीत. त्वचेच्या रंगलेल्या पेशी झडून नव्या आल्या म्हणजेच डाग जातो, आणि नखावरील डाग नख वाढून कापले जाईपर्यंत टिकतो. म्हणूनच २००६ पासून ही खूण नखाच्या टोकापासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत रेघेच्या रूपाने ओढली जाते.

१९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतील यासंबंधीची तरतूद वाचण्यासारखी आहे. मतदाराला डावी तर्जनी नसेल तर डाव्या हाताच्या दुसऱ्या कोणत्याही बोटावर खूण करावी. डाव्या हाताला बोटेच नसतील तर उजव्या हाताची तर्जनी अथवा दुसरे बोट घ्यावे. दोन्ही हातांना बोटे नसतील तर हाताच्या उरलेल्या टोकावर ती करावी. कुष्ठरोगाने, अपघाताने वा जन्मतः ज्यांची बोटे गेली त्यांचाही मताधिकार तितकाच पूर्ण आहे, हे या कोरड्या कायदेशीर भाषेत निःसंदिग्धपणे सांगितलेले आहे.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी या कारखान्यातून २६ लाखांहून अधिक कुप्या पाठविण्यात आल्या. दहा मिलिलिटरच्या एका कुपीत सुमारे सातशे मतदारांची बोटे रंगतात. पंचवीसहून अधिक देशांनी ही शाई मागविली आहे. निवडणुकीबाहेरही तिचा उपयोग झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बदलून घेणाऱ्यांच्या बोटांवर ती लावली गेली. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरू लागताच घरात विलग राहण्यास सांगितलेल्या व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला, आणि त्यासाठी मतदानाचीच शाई वापरण्यात आली. विषाणूचा नाश करण्यासाठी ती शाई नव्हती; माणसाला ओळखू यावे एवढ्यासाठी होती. नागरिकत्वाची खूण म्हणून मिरविलेली रेघ त्या दिवसांत भीतीची खूण झाली. एकाच द्रव्याला समाज किती भिन्न अर्थ देऊ शकतो, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

अनुभवाकडून ज्ञानाकडे

चांदीच्या पात्रात पाणी चांगले राहते, ही जाणीव फार जुनी आहे. इराणचा सम्राट सायरस मोहिमेवर जाताना चोअस्पेस नदीचे उकळलेले पाणी चांदीच्या घड्यांत भरून बरोबर नेत असे, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे आयुर्वेदाने रजतभस्माला औषधांत स्थान दिले. मराठी घरांत बाळाच्या उष्टावणाला चांदीची वाटी आणि चमचा काढण्याची रीत आजही आहे. आजोळाहून येणारे वाळे आणि तोडे चांदीचेच असतात. या रीतींच्या मागे पूर्वजांना जीवाणूंचे ज्ञान होते, असे मात्र म्हणता येणार नाही. जीवाणू हे सजीव रोगाचे कारण असतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांच्या कार्यानंतर सिद्ध झाले. शिवाय घन चांदीतून पाण्यात उतरणारे आयन अत्यल्प असतात. वाटीभर भात जेवून होईपर्यंत त्यांचा काही प्रभाव पडत नाही. परंपरेचा आदर करताना तिला नसलेले श्रेय देणे, हा तिचा गौरव नव्हे.

सिल्व्हर नायट्रेट मध्ययुगातील किमयागारांना परिचित होते. चांदीचा संबंध ते चंद्राशी जोडीत, म्हणून युरोपात त्याला चंद्रक्षार अशा अर्थाचे नाव पडले. त्याच्या कांड्या करून चामखिळी आणि चिघळलेली व्रणे जाळण्यासाठी वैद्य त्या वापरीत. येथे चांदी पेशींचा नाश करीत होती आणि तोच उपचार मानला जात होता. जंतूंवर तिचा उपयोग करण्याचे निर्णायक पाऊल जर्मनीतील लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास उचलले. प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाच्या डोळ्यांत जाणाऱ्या परम्याच्या जीवाणूंमुळे त्या काळी असंख्य अर्भके आंधळी होत. क्रेडे यांनी जन्मतःच प्रत्येक बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा एक थेंब टाकण्यास आरंभ केला. त्यांच्या रुग्णालयात पूर्वी शंभरातील सुमारे दहा बाळांना होणारा हा नेत्रदाह शंभरात एकाहूनही खाली आला. पुढे अनेक देशांनी ही पद्धत स्वीकारली. कालांतराने तिची जागा प्रतिजैविकांनी घेतली, कारण चांदीचा थेंब डोळ्यांना झोंबतो आणि काही दिवस डोळे लाल राहतात. तरीही असंख्य मुलांची दृष्टी त्या एका थेंबाने वाचली, हे विसरता येत नाही.

त्यानंतर स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन नेगेली यांनी एक नवल पाहिले. चांदी किंवा तांबे यांचा नाममात्र अंश असलेल्या पाण्यातही स्पायरोगायरा हे हिरवे शेवाळ मरत होते. अत्यल्प मात्रेतील या प्रभावाला त्यांनी 'ऑलिगोडायनॅमिक' अशी संज्ञा दिली. त्यांचे हे संशोधन त्यांच्या निधनानंतर १८९३ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या थोड्या धातूने सजीव पेशी कशी मरते, हा प्रश्न मात्र त्यांच्यानंतरच्या पिढ्यांकडे आला.

गंधकाची ओढ

त्याचे उत्तर घराघरांत दिसणाऱ्या एका गोष्टीत दडलेले आहे. देव्हाऱ्यातील चांदीचे निरांजन आणि पायांतील पैंजण काही महिन्यांत काळे पडतात. हुपरीचे कसबी कारागीर दागिने उजळून देतात, पण हवा लागताच काळवंडणे पुन्हा सुरू होते. हवेत गंधकाची जी संयुगे असतात त्यांच्याशी चांदीचा संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. चांदीला गंधकाची विलक्षण ओढ आहे.

सजीव पेशींतील प्रथिनांच्या साखळ्यांत जागोजागी गंधकयुक्त गट असतात. पेशीचे श्वसन चालविणारी अनेक विकरे या गटांवरच अवलंबून असतात. द्रावणातील चांदीचे आयन धनभारित असतात, तर जीवाणूच्या आवरणाच्या पृष्ठावर ऋणभार असतो. आयन तेथे आकर्षिले जातात, आवरणाची घडी विस्कटतात, आत शिरतात आणि विकरांच्या गंधकगटांना जखडून टाकतात. श्वसन थांबते. त्यातच प्राणवायूची घातक रूपे तयार होऊन आतील घटकांना अपाय करतात, आणि डीएनएशी संयोग झाल्याने पेशीचे विभाजनही रोखले जाते. प्रतिजैविके बहुधा एका मर्मावर घाव घालतात. चांदी एकाच वेळी अनेक मर्मांवर आघात करते. ज्या जीवाणूंची भित्ती पातळ असते ते लवकर बळी पडतात आणि जाड भित्तीचे अधिक वेळ टिकतात.

ही ओढ आपपरभाव जाणत नाही. गंधकगट जसे जीवाणूत असतात तसेच मानवी पेशीतही असतात. मतदाराच्या बोटावर शाई टिकते, ती मानवी प्रथिनांशी चांदी जखडली जाते म्हणूनच. तेथे बाहेरचा थर मृत पेशींचा असल्यामुळे हानी होत नाही एवढेच. त्याच द्रावणाचा थेंब डोळ्यात किंवा उघड्या जखमेवर पडला तर परिणाम निराळा होईल. रौप्यसंयुगांचा सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो : शत्रूला मारावे आणि आपल्या पेशींना जगवावे, अशी मात्रा कोणती ?

भाजलेल्यांचा आधार

भाजलेल्या रुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न जीवनमरणाचा असतो. कातडीचे संरक्षण नाहीसे झाल्याने जखमेत जीवाणू मोकाट वाढतात, आणि आगीतून वाचलेला माणूस पुढे जंतुसंसर्गाने दगावतो. भारतात स्वयंपाकघरांत होणाऱ्या दुर्घटनांमुळे अशा रुग्णांत स्त्रियांची संख्या मोठी राहिली आहे. या विषयाला आपल्या समाजात सामाजिक बाजूही आहे, हे वेगळे सांगावयास नको.

अमेरिकेत कार्ल मोयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये सिल्व्हर नायट्रेटचे केवळ अर्धा टक्का द्रावण भाजलेल्या जखमांवर वापरले. चामखीळ जाळणाऱ्या कांडीतील तीव्र क्षार आणि हे सौम्य द्रावण या दोहोंत द्रव्य एकच होते; फरक केवळ मात्रेचा. सौम्य द्रावणाने जीवाणू आटोक्यात आले आणि नवी कातडी वाढण्यास अवसर मिळाला. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फाडायझिन यांचे संयुग पुढे आणले. त्याचे पांढरे मलम भारतातील रुग्णालयांत, ग्रामीण आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचले आणि दीर्घकाळ भाजलेल्यांचे मुख्य औषध राहिले. पुढे त्याच्याही मर्यादा ध्यानात आल्या. जखम भरून येण्याचा वेग ते काहीसा मंदावते, असे आढळले.

याच काळात आणखी एक इशारा मिळाला. १९७० च्या दशकात अमेरिकेतील बॉस्टन येथील एका मोठ्या रुग्णालयाच्या भाजलेल्यांच्या विभागात चांदीला न जुमानणारे साल्मोनेला जीवाणू आढळले. त्यांच्या संसर्गाने तीन रुग्ण दगावले आणि तो विभाग बंद ठेवावा लागला. हा प्रतिकार जीवाणूंना देणारी जनुके पुढे ओळखली गेली. आत शिरलेली चांदी बाहेर फेकणारे पंप आणि तिला बांधून ठेवणारे प्रथिन ही जनुके पेशीला पुरवतात. अनेक मर्मांवर आघात करणाऱ्या द्रव्यावरही जीवाणू उपाय शोधू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

पुणे आणि अमरावती

एकविसाव्या शतकाच्या आरंभी चांदीचा अभ्यास नव्या वळणावर आला. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. काही नॅनोमीटर व्यासाच्या कणांचे एकूण पृष्ठफळ त्यांच्या वजनाच्या मानाने प्रचंड असते, आणि त्यांच्यातून आयन संथपणे, दीर्घकाळ सुटत राहतात. असे अब्जांश कण बनविण्यास बहुधा तीव्र रसायने लागत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम बुरशीकडे सोपविले. २००१ मध्ये व्हर्टिसिलियम ही बुरशी चांदीचे कण पेशीच्या आत तयार करते, असे त्यांनी दाखविले. २००३ मध्ये फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी तेच कण पेशीबाहेर, द्रावणात तयार करते, असे सिद्ध केले. कण बाहेर मिळू लागल्याने ते वेगळे करणे सोपे झाले. शेतकऱ्याच्या पिकावर मर रोग आणणाऱ्या बुरशीच्या कुळाने येथे विज्ञानाची सेवा केली.

अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात महेंद्र राय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा धागा पुढे नेला. राय, अलका यादव आणि अनिकेत गाडे यांनी २००९ मध्ये चांदीच्या अब्जांश कणांच्या जंतुनाशक गुणांचा आढावा घेणारा लेख लिहिला. या विषयावर जगात सर्वाधिक उल्लेखिल्या गेलेल्या लेखनात त्याची गणना होते. ज्यांनी हाती खराटा घेऊन गावोगाव स्वच्छतेचा संदेश दिला त्या गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठातून सूक्ष्म जंतूंविरुद्धचे हे काम जगासमोर जावे, यात औचित्य आहे.

पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेने मात्रेच्या प्रश्नाला थेट हात घातला. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने ही संस्था सुरू झाली, आणि १९९२ पासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. येथे किशोर पाकणीकर, ज्युत्सिका राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ ते २० नॅनोमीटर आकाराच्या कणांचा अभ्यास केला. निरनिराळ्या जीवाणूंची वाढ रोखण्यास प्रति मिलिलिटर ०.७८ ते ६.२५ मायक्रोग्रॅम इतकी मात्रा पुरी पडत होती. अनेक औषधांना न जुमानणारे जीवाणूही तिला बळी पडले. काही प्रतिजैविकांच्या जोडीने तिचा प्रभाव वाढला, तर क्लोरॅम्फेनिकॉलच्या जोडीने तो उणावला.

याहून महत्त्वाचे म्हणजे या संशोधकांनी तेच कण मानवी आणि प्राणिज पेशींवरही तपासून पाहिले. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी कर्कपेशींच्या दोन जातींचे बाह्यरूप ६.२५ मायक्रोग्रॅमपर्यंत फारसे बदलले नाही. मात्र त्यांच्या आत प्राणवायूच्या ताणाच्या खुणा त्याआधीच दिसू लागल्या, आणि दहा-बारा मायक्रोग्रॅमच्या आसपास निम्म्या पेशींची जीवनशक्ती मावळली. जीवाणू रोखणारी आणि या पेशींना अपाय करणारी मात्रा यांतील अंतर किती अरुंद आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात येते. उंदराच्या शरीरातून थेट घेतलेल्या पेशी मात्र अधिक सोशीक निघाल्या, आणि त्यांतही यकृताच्या पेशी सर्वांत अधिक. संरक्षक द्रव्ये वाढवून त्या ताण पेलत होत्या. या साऱ्या तपासणीनंतर वरून लावण्याचे मलम सिद्ध करण्यात आले आणि प्राण्यांच्या त्वचेवर ते निर्धोक ठरले. आधी अपाय मोजावा आणि मगच उपाय जाहीर करावा, ही शिस्त या कामात दिसते.

चांदीचा दुसरा उपयोग पिण्याच्या पाण्यासाठी झाला. भाताच्या तुसाच्या राखेने पाणी गाळण्याची कल्पना पुण्यातील टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्राने विकसित केली होती. त्या राखेला चांदीच्या अब्जांश कणांची जोड देण्याचे काम टाटा केमिकल्सच्या पुण्यातील केंद्रात झाले, आणि डिसेंबर २००९ मध्ये टाटा स्वच्छ हे यंत्र बाजारात आले. त्याला वीज किंवा वाहते पाणी लागत नसे, आणि किंमत हजार रुपयांच्या आत होती. शेतात जाळून टाकले जाणारे तूस आणि दागिन्यांची चांदी यांचा असा संगम यापूर्वी कोणाच्या कल्पनेत आला नसेल.

मर्यादेचे भान

या यशाबरोबर एक धोकाही आला. चांदी औषधी आहे एवढेच ऐकून काही लोक तिची द्रावणे स्वतःच्या मनाने पोटात घेऊ लागले. दीर्घकाळ चांदी पोटात गेली तर ती त्वचेत साठते, प्रकाशाने काळवंडते आणि संपूर्ण अंग निळसर राखाडी होते. या विकाराला अर्जिरिया म्हणतात. मतदाराच्या बोटावरील खूण काही आठवड्यांत जाते. हा रंग सहसा आयुष्यभर जात नाही. पिण्याच्या पाण्यात चांदीचे प्रमाण लिटरला ०.१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. मोजे, कपडे आणि भांडी यांतून धुतली जाणारी चांदी नद्यानाल्यांत उतरते आणि तेथील उपयुक्त जीवाणूंनाही मारते, ही चिंताही शास्त्रज्ञ व्यक्त करीत आहेत. नेगेली यांच्या शेवाळाने हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वीच दिला होता.

रौप्यसंयुगांच्या या इतिहासात क्रेडे यांचा एक थेंब, मोयर यांचे अर्धा टक्का द्रावण, आघारकर संस्थेतील मायक्रोग्रॅम आणि म्हैसूरच्या कुपीतील दहा मिलिलिटर यांना जोडणारे सूत्र एकच आहे. द्रव्य चांगले किंवा वाईट नसते. त्याची मात्रा, त्याचे स्थान आणि ते वापरणाऱ्याचे ज्ञान त्याला औषध किंवा विष बनविते. आपल्या वैद्यकपरंपरेने 'मात्रा' या शब्दाला जे महत्त्व दिले, त्याची साक्ष आधुनिक प्रयोगशाळाही देत आहे.

हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेच्या साठ वर्षांत येथून बाहेर पडलेल्या अनेक पिढ्यांनी मतदानाचे वय पूर्ण होताच मतदान केंद्रावर जाऊन डाव्या हाताची तर्जनी पुढे केली आहे. आज पाचवी-सहावीत शिकणारी मुलेही काही वर्षांनी ती पुढे करतील. त्या वेळी बोटावर ओढल्या जाणाऱ्या रेघेत म्हैसूरच्या कारखान्यातील कामगारांचे श्रम आहेत, दिल्लीच्या प्रयोगशाळेचे सूत्र आहे आणि शतकानुशतके जमविलेले ज्ञान आहे, याची जाणीव त्यांना असावी. त्याच पिढीतील एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी उद्या पुण्याच्या वा अमरावतीच्या प्रयोगशाळेत बसून, जीवाणूला मारणारी आणि माणसाला जगविणारी मात्रा अधिक अचूकपणे शोधेल. मराठीतून विज्ञान शिकविणाऱ्या शाळांनी साठ वर्षे ज्या विश्वासावर काम केले, त्याचे फळ ते असेल.